लिहिल्याप्रमाणे दीड

रावेत
१८ नोव्हेंबर २०२५

समाधान भाऊजी,

ऑफिसच्या मेलला घरचं पत्र जोडलं तर सर डोळे मोठे करतील, म्हणून हे माझ्या घरच्या मेलवरून लिहिते. तुम्हाला फोन करावा तर तुमचा मोबाइल कंपनीच्या दारात लॉकरमध्ये. आणि तुम्ही मोकळे असता तेव्हा मी कुठल्यातरी मीटिंगमध्ये मान डोलवत बसलेली असते. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

बातमी अशी, की आमच्याकडच्या एका झाकणाचा साचा बनायला तुमच्या चाकणच्या टूलरूममध्ये येतोय. स्कूटरच्या हेडलाइटच्या मागे असतं ते काळं झाकण. वितळलेलं प्लास्टिक साच्यात कसं पसरेल ते मी कॉम्प्युटरवर पाहिलंय आणि ते ज्या बारीक तोंडातून आत शिरतं ते गेट केवढं ठेवायचं, हेही मीच ठरवलंय. परवा सलोनीनं विचारलं, "आई, तू दिवसभर नक्की करतेस काय?" म्हटलं, मेंदीच्या कोनाचं टोक केवढं कापायचं ते ठरवते. फार बारीक कापलं तर दाबून दाबून हात दुखतो आणि मेंदी मधेच अडते. मोठं कापलं तर नक्षीच्या जागी गोळे पडतात. त्यावर ती म्हणाली, "एवढ्यासाठी पगार देतात?" खरं सांगू, हल्ली मलाही तोच प्रश्न पडतो.

तर गेट दीड मिलिमीटर लिहिलं आहे. रिपोर्ट तुमच्या मारुतरावांच्या नावानं गेलाय, पण काम तुमच्याच हातून होणार असं कळलं. आपलं नातं मी ऑफिसात कुणाला बोलले नाही, तुम्हीही बोलू नका.

दिग्विजय अजून गुजरातच्या कारखान्यातच, साणंदला आहेत. नवी लाइन सुरू होईपर्यंत सुटका नाही म्हणतात, म्हणजे होळी आलीच. इकडे सलोनीची दहावी. सकाळी गजर वाजतो तेव्हाच मी दमलेली असते.

आईंच्या कंबरेचं कसं आहे? दिवाळीत मोरीत पडल्या त्या पडल्याच. आईंना कधीही आमच्याकडे आणून सोडा, अगदी न विचारता. घर त्यांचंच आहे, हे काय सांगायचं असतं का. वर्षालीला माझी आठवण सांगा.

मृदुला वहिनी


चाकणची बस
२२ नोव्हेंबर

वहिनी, नमस्कार.

बसमध्ये बसून अंगठ्यानं लिहितोय, चुका पोटात घाला. लांबलचक लिहिणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

आई बरी आहे. वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. माझी दुपारची दुसरी पाळी आणि वर्षालीची भोसरीत सकाळची पहिली, त्यामुळे घरात कुणी ना कुणी असतं. मधल्या वेळात शेजारच्या शालनबाई येऊन बसतात. थोडी धावपळ होते, चालायचंच. नाशिक फाट्याला कधी कधी वर्षालीची बस समोरून येताना दिसते. ती खिडकीला डोकं टेकून झोपलेली असते, मग मी हात करत नाही.

तुमचं झाकण आलंय. रिपोर्टवर तुमचं नाव बघून बरं वाटलं. मारुतराव आमचे टूलरूमचे मुख्य, त्यांना म्हटलं हे काम मला द्या. घरचं काम आहे, गेटची काळजी करू नका.

आईला आणून सोडा म्हणालात, तेवढ्यानंही धीर आला. सध्या तशी गरज नाही.

समाधान


रावेत
३ डिसेंबर

समाधान भाऊजी,

तुमचं पत्र म्हणजे पूर्वीची तार. पण आई बऱ्या आहेत आणि धावपळ थोडीच आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. उगाच मनाला लागून राहिलं होतं. मी दिग्विजयनाही तसंच कळवलं, तेही निवांत झाले.

या रविवारी दापोडीला तुमच्याकडे येणार होते, पण सलोनीची पूर्वपरीक्षा. पुढच्या रविवारी क्लायंटचा कॉल आहे. त्यांच्याकडे रविवार नसतो आणि आमच्याकडे नाही म्हणायची पद्धत नसते. आईंचं मी अगदी मनापासून म्हणते हं, आणा त्यांना. इथे लिफ्ट आहे, गच्चीत ऊन येतं, त्यांना किती बरं वाटेल.

गेटचं तुम्ही बघताय म्हटल्यावर मी निर्धास्त आहे. टूलरूममध्ये काय कसं करायचं ते तुम्हाला सांगायला नको. नाहीतर आमचा क्षितिज, परवा नोकरीला लागलेला, टूलरूमवाल्यांना फोन करून करून बेजार करतो.

वर्षाली बरी आहे ना? माझ्या फोनला तिचं उत्तर नाही. दमत असेल बिचारी.

मृदुला वहिनी


चाकणची बस
१२ डिसेंबर

वहिनी,

वर्षाली भाचीच्या लग्नाला करमाळ्याला गेली आहे. तिकडे रेंज नसते. शालनबाई आहेत, त्यामुळे अडचण नाही. जरा जागरण होतं इतकंच. परवा मशीनसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली. शेजारच्या मशीनवरचा भीमराज धावला. काही झालं नाही.

साचा जवळजवळ तयार आहे. गेटही झालं, तुमच्या मनासारखं. पुढच्या आठवड्यात ट्रायल धरली आहे, तुम्हाला बोलावतील. माझी पाळी संध्याकाळची, भेट व्हायची नाही.

आईनं सलोनीला आशीर्वाद सांगितलाय.

समाधान


रावेत
२० डिसेंबर

भाऊजी,

काल ट्रायलला चाकणला येऊन गेले. पहिलं झाकण हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं. गेटच्या जागी चामखिळीसारखा डाग राहिलाय, तोही दिसणाऱ्या बाजूला. तोंड एवढं मोठं की आतलं प्लास्टिक तिथे लवकर गोठतच नाही. दाब सोडला की माल मागे येतो आणि झाकणावर खळगा पडतो. दाब धरून ठेवला तर एकेका झाकणाला इतका वेळ लागतो की क्लायंटचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला. शेवटी गेट मोजायला सांगितलं. दीड. पूर्ण दीड.

दीड कसं कापलंत तुम्ही? मला एक हवं होतं. कुठलीच टूलरूम आम्ही लिहिलेलं गेट लिहिल्याइतकं कापत नाही. आधी कमीच कापतात आणि ट्रायल बघून मग मोठं करतात, कारण स्टील काढता येतं, परत लावता येत नाही. हे मला नोकरीच्या सुरुवातीलाच कळलं. तेव्हापासून मी कॉम्प्युटरवर एक धरते आणि रिपोर्टात दीड लिहिते. समोरचा त्यातला तिसरा हिस्सा खाणार, मग उरेल ते बरोबर. आजवर असंच चाललंय, कुणाचं काही बिघडलं नाही. आणि नेमकं माझ्या घरच्या माणसानं हे करावं?

रिपोर्टावर सही माझी आहे. सोमवारी क्लायंटसमोर बसायचंय आणि मला काय सांगायचं ते सुचत नाहीये.

मृदुला


चाकणची बस
२१ डिसेंबर

वहिनी,

तुम्ही दीड लिहिलं, मी दीड कापलं. यात माझी चूक कुठे ते शोधतोय, मोशीचा थांबा गेला तरी सापडलेली नाही.

मारुतरावांनी मला बजावलं होतं. डिझाइनवाल्यांचं गेट पूर्ण कापायचं नसतं, एक ठेव म्हणाले. दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असता तर मी एकच ठेवलं असतं, त्यांनी सांगायचीही गरज नव्हती. पण वर तुमचं नाव होतं. म्हटलं, वहिनी उगाच काही लिहायच्या नाहीत. त्यांच्याशी वाद घातला, माझ्या जबाबदारीवर कापतो म्हणालो. नोकरीत पहिल्यांदाच कागद जसाच्या तसा मानला. आता अख्खी टूलरूम मला दीडशहाणा म्हणते आणि मारुतरावांनी नवीन काम देणं थांबवलंय.

तुम्ही म्हणता तुम्ही वाढवून लिहिता, समोरचा कमी करणार हे धरून. ठीक आहे. मग एक विचारतो, राग मानू नका. मानला तरी चालेल. "आईंना कधीही आणून सोडा, अगदी न विचारता" हेही तसंच लिहिलं होतं का? त्यातून किती कमी करायचं ते एकदा सांगून टाका.

समाधान


रावेत
२ जानेवारी २०२६

समाधान भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा वाचून पुसलं, गोड गोड वाटलं म्हणून.

आधी गेटचं सांगते. सोमवारी सगळ्यांसमोर सांगितलं की आकडा माझा होता, टूलरूमनं लिहिल्याप्रमाणे केलं, त्यांचा दोष नाही. मारुतरावांनाही तसा मेल केलाय. बाहेर आल्यावर सरांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. पुढचे दोन साचे क्षितिजकडे गेले आहेत. आता बिघडलेल्या जागी खाच करून स्टीलचा वेगळा छोटा तुकडा बसवायचा आणि त्या तुकड्यात एक मिलिमीटरचं गेट करायचं, असं ठरलंय. ते काम मारुतराव तुम्हालाच देणार आहेत, मी विचारून घेतलं.

आता आईंचं. हो, तसंच लिहिलं होतं. माझ्या माहेरी सांगवीला सगळे असंच भरभरून बोलतात आणि ऐकणारा निम्मं सोडून देतो. जेवायला या, राहायला या, आठ दिवस राहा. कुणी जात नाही आणि कुणाला राग येत नाही. तुम्ही "गरज नाही" म्हणणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मी दोनदा लिहिलं आणि माझं कर्तव्य झाल्यासारखं वाटून घेतलं. खरं असं आहे की दिग्विजय इथे नाहीत, सलोनीची परीक्षा डोक्यावर आली आहे, मला घरी यायला आठ वाजतात. आईंना उठवणं, न्हाऊ घालणं मला जमेल का याची भीती वाटते. म्हणजे मला त्या नको आहेत असं नाही, पण आत्ता नको आहेत असं आहे. हे लिहिताना लाज वाटतेय. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

आता मी विचारते. तुम्ही "थोडी धावपळ" लिहिता ती खरी किती असते? या घरात येऊन सतरा वर्षं झाली तरी तुम्हा दापोडीकरांचं वाढवून वाचायचं असतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. वर्षाली अजून लग्नातच आहे का?

मृदुला


चाकणची बस
५ जानेवारी

वहिनी,

आज खिडकीची जागा मिळाली आणि झोप येत नाही, म्हणून सगळं लिहितो.

लग्न केव्हाच झालं. वर्षाली आली नाही, कामावरची रजा वाढवून घेतलीय. भांडण वगैरे काही झालं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, की दिवसभर उभं राहून घरी आल्यावर मलाही कुणीतरी पेलाभर पाणी द्यावं असं वाटतं. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. घरी आली की आईचं अंग पुसायचं, स्वयंपाक, आणि मी पोचायच्या आत झोप. बायकोचा आवाज मी फक्त गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी ऐकत होतो.

शालनबाई दिवेलागणीपर्यंत बसतात. त्यांनाही घर आहे. त्यानंतर मी येईपर्यंत आई एकटी असते. वॉकर घेऊन जिन्याकडे जाते, म्हणून शालनबाईंना बाहेरून कुलूप लावायला सांगितलंय. मी माझ्या आईला कुलपात ठेवतो, वहिनी. दिग्विजयदादाला हे माहीत नाही. आई कुणाला सांगत नाही. विचारलं की म्हणते, "मला काय व्हतंय, मी बरी हाय."

डुलकी लागली होती तेव्हा माझा हात मशीनच्या आत होता. भीमराजनं बटण दाबलं म्हणून आज अंगठ्यानं लिहितोय.

मी थकलोय. थोडा नाही. तुमच्या अडचणी वाचल्या आणि त्या खऱ्या आहेत हेही कळलं. तरीही लिहितो, आईला घेऊन जा. दादा होळीला येतो, निदान तोवर. हे लिहिल्याइतकंच आहे. यात वाढवू नका आणि कमीही करू नका.

समाधान


रावेत
६ जानेवारी

समाधान भाऊजी,

लिहिलंत तसं वाचलं.

रविवारी सकाळी गाडी घेऊन येते. आजपासून शनिवारपर्यंत ऑफिसातून परस्पर दापोडीला येईन आणि तुम्ही येईपर्यंत आईंजवळ बसेन. शालनबाईंना सांगा, मी पोचेपर्यंत थांबा, आजपासून कुलूप लावायचं नाही. सलोनी तेवढे दिवस तिच्या मैत्रिणीकडे अभ्यासाला जाईल.

दिवसा सोबतीला नीला नावाच्या बाई मिळाल्या आहेत. मी होळीपर्यंत म्हणते ते होळीपर्यंतच. पुढचं मला आज माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. सलोनी तिची खोली द्यायला तयार झाली, पण खुशीनं नाही. दिग्विजयना मी सगळं कळवलं, कुलपाचंही.

वॉकर, औषधं आणि आईंची गोधडी बांधून ठेवा.

मृदुला


रावेत
१६ जानेवारी

समाधान भाऊजी,

आई मजेत आहेत, असं पहिलं वाक्य लिहिलं आणि खोडलं. आहे तसं लिहिते.

झोप बरी आहे. नीलाबाईंशी पटतं. पण जेवण अजिबात नाही. एक भाकरी वाढली की पुरे म्हणतात, भात दाखवला की नको म्हणतात. संक्रांतीला गुळाची पोळी केली तर अर्धीवर पुरे झाली. त्या गेटच्या प्रकरणापासून मी कानाला खडा लावलाय, माणूस म्हणेल ते जसंच्या तसं घ्यायचं. म्हणून मीही आग्रह केला नाही, ताट उचललं. चेहरा उतरत चाललाय. वाटलं तुमच्या आठवणीनं अन्न जात नसेल. डॉक्टरांना दाखवून आले, ते म्हणाले काही नाही.

काल सलोनी शाळेतून आली तर आई फोनवर शालनबाईंशी बोलत होत्या. तिनं मला जसंच्या तसं करून दाखवलं. "न्हाई गं, सून वाईट न्हाई. पर हितं लई शिस्त हाय. पुरे म्हटलं की ताटच उचलत्यात." गोधडीखाली सलोनीच्या बिस्किटांचा रिकामा पुडा सापडला.

मला हसावं की रडावं कळेना. सांगा आता, मी काय करू?

मृदुला वहिनी


चाकणची बस
१७ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

फार दिवसांनी बसमध्ये हसलो. शेजारचा झोपलेला माणूस दचकून उठला.

आईचं पुरे म्हणजे अजून एक. आमच्या घरात हे कुणी कुणाला सांगत नाही, त्यामुळे तुम्हाला सांगायचं राहिलं. ही चूक माझी धरा. पहिल्यांदा विचारायचं, ती नको म्हणते. दुसऱ्यांदा विचारलं की चिडते. तिसऱ्यांदा विचारायचं नाही, वाढायचंच. मग ती मुकाट्यानं खाते आणि जास्त झालं म्हणून दिवसभर ऐकवते. ऐकवायला लागली की पोट भरलं असं समजा. माझं आणि तुमचं आता लिहिल्याप्रमाणे चालू दे, पण आईला त्यात घेऊ नका. या वयात ती बदलायची नाही.

तुमचा तुकडा बसला. कालच्या ट्रायलला झाकणं साफ निघाली, डाग नाही, खळगा नाही. मारुतराव झाकण उलटंसुलटं करून बघत राहिले. त्यांचं तेवढंच असतं. आज नवीन काम दिलं.

परवा वर्षाली आली. किंक्रांत होती, कुणी सहसा त्या दिवशी प्रवासाला निघत नाही, ती निघाली. दोन दिवसांसाठीच आलेय म्हणाली आणि पिशवी दाराजवळच ठेवली. गुरुवार असल्यामुळे मी घरी होतो. आधी पाणी दिलं. आईच्या रिकाम्या कॉटवर ती जरा वेळ बसली, मी ताटं घेतली. भाकरी मला येत नाहीत, शालनबाईंकडून मागून आणल्या होत्या. पिठलं मी केलं, खारट झालं होतं. एक भाकरी झाल्यावर ती पुरे म्हणाली. मी दुसरी वाढली. माझ्याकडे बघत राहिली आणि मग खाल्ली.

पिशवी अजून दाराजवळच आहे. पण आज सकाळी कामावर गेली ती इथूनच.

समाधान